'वॉर्डात वाद झाला तर काय कराल?' नर्सिंगच्या मुलाखतीतल्या प्रश्नाची तयारी अशी करा

बारामती / इंदापूर : एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गावोगावच्या मुली-मुलं नोकरी शोधतात. सरकारी अधिपरिचारिका भरतीत लेखी परीक्षा महत्त्वाची असते. खासगी रुग्णालयात मात्र मेट्रन आणि डॉक्टरांसमोर बसून बोलावं लागतं. सलाईन, इंजेक्शन, बीपीचं सगळं नीट सांगणारे उमेदवारही एका प्रश्नाला अडखळतात : "सहकाऱ्याशी वाद झाला होता का? तेव्हा काय केलंत?"

'माझं कुणाशीच भांडण होत नाही' असं सांगू नका

एकाच पाळीत डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी आणि नातेवाईक एकत्र असतात. तिथं खटके उडतातच, हे मुलाखत घेणाऱ्यांना माहीत असतं. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की वाद चालू असताना तुमचं लक्ष पेशंटवर होतं की भांडणावर.

उत्तराचे चार भाग

1. काय घडलं : दोन वाक्यांत, कुणाचंही नाव न घेता.
2. पेशंटसाठी आधी काय केलं.
3. त्या माणसाशी कसं बोललात, कुणाला कळवलं.
4. पुढं काय बदललं.

नोकरीचा अनुभव नसला तरी चालतं. प्रशिक्षणात वॉर्डात ड्युटी केलेली असते, तिथला खरा छोटा प्रसंग सांगा. रचलेली गोष्ट पुढच्या दोन प्रश्नांत उघडी पडते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पाळी बदलताना सहकारी रोज उशिरा येते, काय कराल?* ती येऊन हँडओव्हर घेईपर्यंत वॉर्ड सोडणार नाही, हे आधी सांगा. मग तिच्याशी एकटीत बोलेन, अडचण विचारेन. तरी फरक पडला नाही तर इनचार्ज सिस्टरला सांगेन. थेट तक्रारीपासून सुरुवात नको, आणि "मी सांभाळून घेईन" असंही नको.

*डॉक्टरांनी लिहिलेलं औषध चुकीचं वाटलं तर?* समजा, केसपेपरवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद आहे आणि तेच इंजेक्शन लिहिलंय. अशा वेळी इंजेक्शन थांबवायचं आणि विचारायचं, "सर, ॲलर्जीची नोंद दिसतेय, एकदा बघता का?" डॉक्टर चिडले तरी खात्री झाल्याशिवाय द्यायचं नाही, इनचार्जला कळवायचं. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची आणि नंतर सही घ्यायची.

*वयानं मोठे मामा किंवा मावशी ऐकत नसतील तर?* बावीस वर्षांच्या सिस्टरनं पन्नाशीच्या माणसाला काम सांगायचं म्हणजे अवघडच. "मामा, या पेशंटला आधी एक्स-रेला न्यायचंय, त्याला दम लागतोय," असं कारणासकट सांगायचं. आवाज चढवायचा नाही. मान ठेवायचा, पण काम सोडून द्यायचं नाही.

*नातेवाईक अंगावर धावून आले तर?* साप चावलेल्या माणसाबरोबर निम्मं गाव येतं. "इंजेक्शन कधी देणार?" म्हणून आरडाओरडा होतो. त्यातल्या एका जबाबदार माणसाला बाजूला घ्यायचं, काय चाललंय आणि कशाची वाट बघतोय ते साध्या मराठीत सांगायचं. बोलणं हाताबाहेर जातंय असं दिसलं की सुरक्षारक्षक आणि डॉक्टरांना बोलवायचं. खोटा धीर द्यायचा नाही.

हे 'वाद' नव्हेत

काही गोष्टी समजुतीनं मिटवायच्या नसतात, हेही उत्तरात दिसलं पाहिजे. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरोधात महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून गुन्हा अजामीनपात्र आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर 2013 च्या कायद्यानुसार 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. 10 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती असावी लागते. कर्मचारी कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय का?" असं म्हटलं, तर नाइट ड्युटीला सुरक्षारक्षक असतो का आणि समिती आहे का, हे बिनधास्त विचारा. पगाराइतकंच ते महत्त्वाचं आहे.

घरी सराव असा करा

आपले दोन खरे प्रसंग वहीत लिहा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. उत्तर दोन मिनिटांच्या आत बसलं पाहिजे. आधीच्या दवाखान्याला, कॉलेजला नावं ठेवू नका. इंग्रजी जमत नसेल तर "मराठीत सांगू का?" असं विचारा. पेशंट आणि त्याचे नातेवाईक मराठीतच बोलणार आहेत. स्वतःचं काही चुकलं असेल तर तेही सांगा. चूक लपवणाऱ्या सिस्टरपेक्षा वेळेत सांगणारी सिस्टर वॉर्डाला हवी असते.