नळाचा सांधा : घरगुती पाणीपुरवठ्यातील जलरोधक जोडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पाणीपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः धरणे, तलाव व कालवे आणि ते बांधणारे राज्यकर्ते यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये पूर्ण झाला, ही माहिती सर्वत्र आढळते. तलावाचे पाणी घरातील तोटीपर्यंत पोहोचविणाऱ्या असंख्य सांध्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः कोणतीही जलवाहिनी अखंड नसते. ती तुकडे जोडून तयार होते आणि तिचे सामर्थ्य तिच्या सर्वांत दुबळ्या सांध्याइतकेच असते. प्रस्तुत लेखात सांधा जलरोधक करण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला आहे. प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर कारागिराच्या हातातील कौशल्याचा काही भाग कारखान्याकडे गेला. तथापि सांधा टिकेल की नाही, हे आजही कारागिराच्या विवेकावरच अवलंबून आहे, हे येथे प्रतिपादन केले आहे.

मातीचे नळ आणि चुना

इसवी सन पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात भाजक्या मातीच्या नळांच्या जोडणीचे वर्णन केले आहे. एका नळाचे निमुळते टोक दुसऱ्यात बसवावे आणि सांध्यावर तेलात मळलेला कळीचा चुना लावावा, असे तो सांगतो. नव्या वाहिनीत प्रथम पाणी सोडण्यापूर्वी राख टाकावी, म्हणजे नीट न लिंपलेले सांधे त्या राखेने बुजतील, अशीही त्याची सूचना आहे. शिशाचे काम करणाऱ्यांची फिकट कांती पाहून त्याने पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ टाळावेत, असे बजावले होते. तरीही रोममध्ये शिशाचे नळ सर्रास वापरले गेले. ‘प्लंबर’ हा शब्दच शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरून आला आहे.

महाराष्ट्रातही मातीच्या नळांची परंपरा आढळते. मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे नहर बांधली. तेथील नहरींमध्ये खापराच्या नळांचा वापर झाला. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी दगडी बांधणीच्या नळातून शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले असल्याने बंदिस्त हवेला वाट मिळत असे. पाणी उतारावरून वाहत असल्यामुळे नळावर मोठा दाब येत नसे आणि चुन्याची जोडणी पुरेशी ठरे. शिवाय सामान्य माणूस हौदावरून पाणी भरत असल्याने घरातील सांध्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता.

दाब, बीड आणि शिसे

घराच्या वरच्या मजल्यावर पाणी चढवायचे, तर नळात दाब हवा. दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. असा दाब चुन्याच्या सांध्याला फार काळ पेलवत नाही. लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठा कंपनीतील अभियंता थॉमस सिम्प्सन याने १७८५ मध्ये बिडाच्या नळांसाठी नवी जोडणी योजली. तिच्यात एका नळाचे फुगीर टोक दुसऱ्याच्या सरळ टोकाला सामावून घेते. मधल्या फटीत प्रथम तागाची दोरी ठोकून भरली जाई, नंतर वितळलेले शिसे ओतले जाई.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि थंड होताना आकसते. त्यामुळे केवळ ओतून सांधा घट्ट होत नसे. छिन्नी व हातोडीने ते सर्व बाजूंनी ठोकून फटीत बसवावे लागे. सांध्यात ओल राहिल्यास वाफ होऊन तप्त शिसे उसळण्याचा धोका असे. विहारचे पाणी मुंबईत आणणारी मुख्य वाहिनी बिडाची होती आणि बिडाच्या नळांची जोडणी करण्याची त्या काळातील प्रचलित रीत हीच होती. हा सांधा सर्वस्वी कारागिराच्या हाताचा होता.

आटे, सूत आणि सफेदा

घरातील लहान व्यासाच्या नळांसाठी आट्यांची जोडणी सोयीची ठरली. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांच्या एकसारख्या मापांची पद्धत मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे नळांच्या ब्रिटिश मानकातही हाच कोन आला आणि भारतातील जस्तलेपित लोखंडी नळांनी तीच परंपरा स्वीकारली. या पद्धतीतील निमुळत्या आट्यांचा उतार सोळास एक असतो. त्यामुळे नळ जसजसा आत फिरतो, तसतसा तो आवळत जातो.

तरीही दोन आट्यांमध्ये सूक्ष्म वाट शिल्लक राहते. ती बुजविण्यासाठी ताग किंवा सुताचे धागे आणि जवसाच्या तेलात कालवलेला सफेदा वापरला जाई. धागा पाण्याने फुगतो आणि तेल हवेतील प्राणवायूने हळूहळू घट्ट होते. मूळचा सफेदा म्हणजे शिशाच्या कार्बोनेटची पांढरी भुकटी. म्हणजे शिसे या सांध्यातूनही सुटले नव्हते. धागा आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावा लागतो, अन्यथा नळ फिरवताना तो बाहेर ढकलला जातो. पाईपपान्याने किती आवळावे, हे हातालाच कळते. कमी आवळल्यास सांधा गळतो, अधिक आवळल्यास बिडाची जोडणी तडकते.

टेप, द्रावण आणि उष्णता

रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने एक पदार्थ सापडला. तो पुढे टेफ्लॉन या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या पातळ पट्टीने सूत व सफेद्याची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. ही पट्टी आट्यांतील फट भरते, शिवाय घर्षण कमी करते; त्यामुळे नळ अधिक खोलवर फिरतो. मात्र गुंडाळण्याची दिशा येथेही चुकवून चालत नाही.

पीव्हीसी नळांनी आट्यांचीच गरज कमी केली. त्यांच्या जोडणीसाठी वापरले जाणारे द्रावण हे केवळ चिकटद्रव्य नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करते आणि द्रावक उडून गेल्यावर ते एकजीव होतात. पीपीआर नळांत हेच कार्य सुमारे २६० अंश सेल्सियसच्या उष्णतेने साधले जाते. मात्र आट्यांचा सांधा उलगडता येतो, एकजीव झालेला सांधा कापावाच लागतो. कौशल्य कमी लागते, पण चूक सुधारण्याची संधीही कमी होते. द्रावण सुकण्यापूर्वीच पाणी सोडण्याची घाई कोणताही कारखाना रोखू शकत नाही.

सांध्याचे दुहेरी कार्य

गळती म्हणजे पाणी बाहेर जाणे, असाच सामान्य समज आहे. भारतातील अनेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो. मग ज्या फटीतून पाणी बाहेर पडत होते, तिच्यातूनच भोवतालचे दूषित पाणी आत शिरू शकते. नळ गटाराशेजारून गेलेला असल्यास हा धोका अधिक गंभीर होतो. म्हणून सदोष सांधा हा केवळ अपव्ययाचा नव्हे, तर कावीळ व अतिसारासारख्या आजारांच्या प्रसाराचा, पर्यायाने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

समारोप

चुन्यापासून प्लास्टिकपर्यंतच्या या प्रवासात जोडणीची सामग्री बदलली, परंतु दोन प्रश्न कायम राहिले. पहिला प्रश्न सांध्याच्या व नळाच्या सामग्रीचा आहे. व्हिट्रुव्हियसने शिशाविषयी दिलेल्या इशाऱ्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, २०२१ मध्ये, भारत सरकारला पीव्हीसी नळांतील शिसेयुक्त स्थिरकांबाबत नियम करावे लागले. दुसरा प्रश्न कौशल्याच्या प्रतिष्ठेचा आहे. भिंतीआड गेलेला सांधा कोणालाही दिसत नाही, आणि तो उत्तम जमला तर त्याची आठवणही होत नाही. पाणीपुरवठ्याच्या इतिहासलेखनात धरण बांधणाऱ्यांबरोबर सांधा जोडणाऱ्या अनामिक कारागिरांनाही स्थान मिळाले, तरच तो इतिहास तलावापासून तोटीपर्यंत पूर्ण होईल.