दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचताना

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतील लेक्सिंग्टन गावच्या शाळेत शिकणाऱ्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने संगणकावर एक खेळ लिहिला. शाळेत पीडीपी-८ जातीचा संगणक होता. त्याला पडदा नव्हता. उत्तरे टेलिटाइप यंत्रावर, कागदाच्या लांब पट्ट्यावर छापून येत. खेळ असा : तुमचे यान चंद्रापासून १२० मैल उंचीवर आहे आणि सेकंदाला १ मैल वेगाने खाली येत आहे. इंधन आहे १६,००० पौंड. दर १० सेकंदांनी तुम्ही सांगायचे, आता इंधन किती वेगाने जाळू? फार जाळले तर ते वाटेतच संपते. कमी जाळले तर यान आदळते.

हा खेळ पुढे हजारो लोकांनी खेळला. आणि २०२४ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनंतर, एका अभियंत्याने तो पुन्हा बारकाईने वाचला तेव्हा त्याला एक चूक सापडली. एका सूत्रात वर्गमूळाच्या चिन्हाखाली असलेल्या एका पदाला दोनाने भागायचे राहून गेले होते. त्यामुळे कमीत कमी इंधनात यान हळुवार उतरवण्याची जी सर्वांत चांगली रीत, ती वापरणाऱ्याचा हिशेब नेमका शेवटच्या टप्प्यात चुकत असे.

एका शाळकरी मुलाच्या प्रोग्रॅममधील चूक ५५ वर्षांनी सापडते, हे शक्य कसे झाले? कारण अगदी साधे आहे. तो प्रोग्रॅम, त्याच्या प्रत्येक ओळीसह, छापून सर्वांपुढे ठेवलेला होता. नवशिक्यांसाठी असे प्रोग्रॅम उघडे ठेवण्याची ही प्रथा कशी सुरू झाली आणि तिच्यात शिक्षकांना उपयोगी असे काय आहे, ते आता पाहू.

उघड्या कपाटांचे ग्रंथालय

१९६० च्या सुमारास संगणक वापरणे म्हणजे काय होते? विद्यार्थी छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा. यंत्र आत, विद्यार्थी बाहेर. उत्तर मिळायला अनेकदा दुसरा दिवस उजाडे, आणि उत्तर म्हणून पुष्कळदा एवढेच कळे की अमुक कार्डावर चूक आहे.

डार्टमथ कॉलेजातील जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना हे पटत नव्हते. आपल्या कॉलेजातील बहुतेक मुले विज्ञान शाखेची नाहीत. त्यांनाही संगणक हाताळता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एकाच संगणकाचा वेळ अनेकांमध्ये वाटून देणारी व्यवस्था उभी केली आणि ‘बेसिक’ नावाची सोपी भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता या भाषेतील पहिले प्रोग्रॅम चालले.

केमेनी संगणक केंद्राला ग्रंथालयाची उपमा देत. ज्या ग्रंथालयात कपाटे उघडी असतात, तिथे कोणीही आत जाऊन पुस्तक काढून चाळू शकतो. तसेच इथेही व्हावे. आणि तसे झालेही. लिहिलेला प्रोग्रॅम सामायिक साठ्यात ठेवता येई, दुसरा तो मागवून चालवू शके, आणि तो कसा लिहिला आहे हेही पाहू शके. बेसिकच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असे. एखादी ओळ बदलायची तर तोच क्रमांक देऊन नवी ओळ लिहायची, की झाले. दुसऱ्याचा प्रोग्रॅम घेऊन त्यात थोडा बदल करून पाहणे नवशिक्यालाही जमण्यासारखे होते.

साठ्यातून छापील पानावर

डार्टमथचा साठा त्या कॉलेजाशी जोडलेल्यांपुरता होता. इतर शाळांचे काय? तिथे छपाई उपयोगी पडली.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही पीडीपी-८ बनवणारी कंपनी. तिच्यात शिक्षणविषयक काम पाहणारे डेव्हिड आल शाळांसाठी एक वार्तापत्र काढीत. शिक्षक आणि विद्यार्थी त्यांना आपले प्रोग्रॅम पाठवीत. स्टोररचा खेळही असाच त्यांच्याकडे आला. मूळ खेळ ‘फोकल’ या भाषेत होता. आल यांनी तो बेसिकमध्ये आणला. १९७३ मध्ये त्यांनी अशा १०१ खेळांचे पुस्तक काढले. त्यात चंद्रावर उतरण्याच्या खेळाची एक नव्हे, तीन रूपे होती. वाचकाला तीन जणांनी एकच प्रश्न कसा सोडवला आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येई.

या पुस्तकाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रोग्रॅम कोणी लिहिला, तो कोणत्या शाळेत होता, पुढे त्यात कोणी बदल केला, हे खेळाच्या माहितीबरोबर दिलेले असे. १९७८ साली निघालेल्या या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतका खप झालेले संगणकावरील हे पहिलेच पुस्तक मानले जाते, आणि त्यातली बहुतेक पाने निव्वळ प्रोग्रॅमने भरलेली होती!

हे फुकट कोणी करायचे?

इथवरची गोष्ट सरळ वाटते. पण प्रोग्रॅम लिहायला श्रम पडतात. त्या श्रमांचे मोल कोणी द्यायचे?

१९७५ मध्ये ‘अल्टेअर’ हा घरी जोडता येणारा छोटा संगणक बाजारात आला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक तयार केली. ती कागदी फितीवर मिळे. हौशी मंडळींनी त्या फितींच्या प्रती काढून एकमेकांना वाटल्या. ३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचे एक खुले पत्र लिहून गेट्स यांनी याविषयी जाहीर तक्रार केली. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे. असेच चालणार असेल तर चांगले काम फुकट कोण करील, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. कर्त्याला न विचारता त्याच्या विक्रीच्या वस्तूच्या प्रती वाटणे आणि कर्त्याने आपण होऊन आपले काम खुले करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅलिफोर्नियातील ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या गटाने याच सुमारास दुसरी वाट धरली होती. नावात कंपनी असली तरी त्यांचे मुख्य काम होते नवशिक्यांसाठी वर्तमानपत्र काढण्याचे. १९७५ मध्ये त्यात डेनिस ॲलिसन यांनी ‘टायनी बेसिक’ म्हणजे चिमुकल्या बेसिकचा आराखडा टप्प्याटप्प्याने छापला. हा तयार माल नव्हता. अशी भाषा कशी बांधायची याची ती कृती होती. वाचकांनी ती आपापल्या यंत्रावर उतरवली आणि आपले प्रोग्रॅम परत पाठवले. ते छापण्यासाठी जानेवारी १९७६ पासून ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ हे नियतकालिक सुरू झाले. टॉम पिटमन यांनी आपली टायनी बेसिक अवघ्या पाच डॉलरला विकायला ठेवली. वस्तू एवढी स्वस्त असली की लोक तिची चोरी करीत नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते. ली-चेन वांग यांनी तर आपल्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर ‘कॉपीराइट, सर्व हक्क राखीव’ या नेहमीच्या ओळीची गंमत करीत ‘कॉपीलेफ्ट’ असा शब्द घातला. थट्टेत आलेल्या या शब्दाला पुढे १९८९ च्या ‘जीएनयू’ परवान्याने कायदेशीर रूप दिले : घ्या, बदला, वाटा, मात्र पुढच्यालाही हीच मुभा द्या.

एक स्वल्पविराम चुकला तर

१९८० च्या दशकात छोटे संगणक घरोघरी आणि शाळाशाळांत आले. मासिकांत पानेच्या पाने प्रोग्रॅम छापून येऊ लागले. वाचकाने ते अक्षर अन् अक्षर टाइप करायचे. आपल्याकडेही १९८४ मध्ये ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. हा संगणक चालू केला की थेट बेसिकच समोर येई. प्रोग्रॅम टाइप करा, नाहीतर यंत्र नुसते वाट पाहत बसे.

टाइप करण्यात चुका होत. शंभर ओळींत कुठेतरी एक स्वल्पविराम राहिला की खेळ बंद. मग छापील पान एका हाताशी धरून ओळीमागून ओळ तपासायची. हे काम कंटाळवाणे होते खरे, पण ही ओळ इथे का आहे, ती काय करते, असा प्रश्न याच वेळी मुलाला पडे.

चुका लवकर सापडाव्यात म्हणून एका मासिकाने १९८३ मध्ये एक युक्ती काढली. प्रत्येक ओळीशेजारी एक आकडा छापायचा. संगणक टाइप केलेल्या ओळीतील अक्षरांना ठरलेले अंक देऊन त्यांची बेरीज दाखवी. ती छापील आकड्याशी जुळली नाही तर ओळीत चूक आहे. याला ‘चेकसम’ म्हणतात.

हा प्रयोग वर्गात फळ्यावर करता येईल. ३५ च्या जागी कोणी ५३ लिहिले तर साध्या बेरजेला ते कळेल का? दोन्हींची बेरीज ८ च. आता पहिल्या अंकाला १ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणून बेरीज करा. ३५ साठी येतात १३, ५३ साठी ११. चूक पकडली गेली! पुस्तकांवरील आयएसबीएन क्रमांकातील शेवटचा अंकही अशाच विचारातून ठरतो.

कागदावरून जाळ्यावर

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे ‘वर्ल्ड वाइड वेब’ सर्वांसाठी उपलब्ध झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधनसंस्थेने त्याचा प्रोग्रॅम कोणतेही शुल्क न मागता जगाला खुला केला. वेबच्या पानांची एक खुबी होती. पान ज्या खुणांनी रचले आहे, त्या खुणा वाचकाला ब्राउझरमध्ये उघडून पाहता येत. कित्येकांनी शिक्षकाविना, दुसऱ्याचे पान उघडून, आपले पहिले पान लिहिले. आज मोठ्या संस्थळांची पाने यंत्रानेच आवळून बांधलेली असतात. उघडली तरी माणसाला वाचता येतील अशी क्वचितच. नवशिक्यांसाठी म्हणून मुद्दाम वेगळ्या जागा कराव्या लागल्या त्या यामुळेच. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘कोडपेन’सारख्या ठिकाणी एका बाजूला प्रोग्रॅम आणि शेजारी त्याचा परिणाम दिसतो. एक आकडा बदला, चित्र लगेच बदलते. पूर्वी ज्यासाठी दुसरा दिवस उजाडत असे, ते आता डोळ्यांसमोर घडते.

लहान मुलांसाठी एमआयटीच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ खुले केले. त्यात कोणाचाही प्रकल्प आत शिरून पाहता येतो आणि त्यात बदल करून आपले रूप प्रसिद्ध करता येते. मूळ कर्त्याचे नाव संगणक आपोआप जोडतो. इथे संशोधकांच्या एक गोष्ट लक्षात आली. यंत्राने नाव जोडले तरी मुलांचे समाधान होत नव्हते. प्रकल्प घेणाऱ्याने आपल्या शब्दांत, ‘ही कल्पना अमक्याची, तिचे आभार’ असे लिहिले, तर मूळ कर्त्याला ते खरे श्रेय वाटे.

नक्कल आणि अभ्यास

आपल्या वर्गात दुसऱ्याच्या वहीत पाहणे हा गुन्हा असतो. परीक्षेत तो असायलाच हवा. पण गायन शिकणारा आधी गुरूची तान जशीच्या तशी घेतो, सुतारकाम शिकणारा तयार पाट समोर ठेवून पाट करतो. प्रोग्रॅम लिहायला शिकण्याचा इतिहासही हेच सांगतो. नुसती नक्कल आणि अभ्यास यांतला फरक मात्र मुलांना दाखवून द्यावा लागेल. घेतलेल्या प्रोग्रॅममधील कोणतीही ओळ दाखवून, ‘ही काढली तर काय होईल?’ असे विचारा. उत्तर देता आले आणि ते करून पाहता आले, तर तो अभ्यास.

संगणकाच्या खोलीत एक फलक, किंवा शाळेच्या संगणकावर एक सामायिक कप्पा, याची सुरुवात म्हणून पुरेसा आहे. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत चार गोष्टी लिहाव्यात : तो काय करतो, कोणी लिहिला, कोणाचे पाहून लिहिला, आणि अजून काय नीट जमलेले नाही. तो जगासाठी जाळ्यावर ठेवायचा असेल तर मुलांचे पूर्ण नाव, पत्ता, पासवर्ड त्यात राहिलेले नाहीत ना, हे शिक्षकांनी आधी पाहावे.

चौथी गोष्ट मुलांना सर्वांत जड जाते. अपुरे काम चारचौघांत ठेवायला संकोच वाटतो. अशा वेळी त्यांना स्टोररच्या खेळाची गोष्ट सांगा. आणि हे एक गणितही द्या. इंधन अजिबात जाळले नाही तर यान अंदाजे १२० सेकंदांत आदळेल, असे तो खेळ सुरुवातीला सांगतो. १२० मैल भागिले सेकंदाला १ मैल, हा तो हिशेब. पण खाली येताना यानाचा वेग चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने वाढतो. खेळात हे त्वरण ०.००१ मैल प्रति सेकंद वर्ग धरले आहे. मग खरा वेळ किती? वर्गसमीकरण मांडले तर उत्तर ११४ सेकंदांच्या थोडे आत येते.

१९६९ सालच्या एका विद्यार्थ्याचे काम आज आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याला तपासता येते, ते त्याने उघडे ठेवले म्हणून.