स्मिर्नोव (आडनाव)

स्मिर्नोव (स्त्रीलिंगी रूप: स्मिर्नोवा) हे एक रशियन आडनाव आहे. रशियातील सर्वाधिक प्रचलित आडनावांमध्ये त्याची गणना होते. रशियाबाहेर ते एस्टोनिया, लाटव्हिया, युक्रेन, बेलारूस व कझाकस्तान या देशांत मोठ्या प्रमाणावर, तर पश्चिम युरोप, इस्रायल व उत्तर अमेरिकेत स्थलांतरितांच्या वस्त्यांमधून आढळते. परदेशात या आडनावाची स्मिर्नॉफ, स्मिर्नोव्स, स्मिर्नोवास, स्मिर्नोऊ अशी अनेक रूपे झाली आहेत. मराठी वाचकाला ते बहुधा दोन ठिकाणी भेटते: संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ‘कोल्मोगोरोव-स्मिर्नोव चाचणी’त आणि ‘स्मिर्नॉफ’ या व्होडकाच्या बाटलीवर. ही दोन्ही नावे मूळ रशियन लिपीत एकाच प्रकारे लिहिली जातात.

व्युत्पत्ती

आडनावाच्या मुळाशी ‘स्मिर्नी’ (जुने रूप ‘स्मिर्नॉय’) हे विशेषण आहे. त्याचा अर्थ शांत, गरीब स्वभावाचा, त्रास न देणारा असा होतो. जुन्या स्लाव्ह भाषेतील ज्या शब्दापासून ते आले, त्याचा संबंध ‘मेरा’ म्हणजे माप या शब्दाशी होता व मूळ अर्थ ‘मापात राहणारा, संयत’ असा होता. पुढे बोलणाऱ्यांच्या मनात त्याचे नाते ‘मीर’ म्हणजे शांतता या शब्दाशी जोडले गेले व उच्चारही त्याप्रमाणे बदलला.

ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारानंतरही रशियात बाप्तिस्म्याच्या नावाबरोबर घरगुती नाव ठेवण्याची प्रथा अनेक शतके टिकून होती. नेक्रास म्हणजे कुरूप, नेझ्दान म्हणजे अनपेक्षित अशी नावे दृष्ट लागू नये म्हणून किंवा जन्माची परिस्थिती सांगण्यासाठी ठेवली जात. महाराष्ट्रात धोंडू, दगडू, केरू ही नावे ठेवण्यामागे हीच भावना होती. ‘स्मिर्नॉय’ हे नाव मात्र इच्छा व्यक्त करणारे होते. लाकडी घरातील एकाच खोलीत मोठे कुटुंब राहत असताना कमी रडणारे मूल सर्वांनाच हवेसे असणार. प्रौढ माणसाच्या शांत स्वभावावरूनही हे टोपणनाव पडत असे.

‘-ओव’ हा प्रत्यय स्वामित्व दाखवतो. ‘कोणाचा?’ या प्रश्नाला ‘स्मिर्नॉयचा’ हे जे उत्तर, तेच स्मिर्नोव. मराठीत ‘रामाचा मुलगा’ व ‘रामाची मुलगी’ यांत प्रत्यय पुढील नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो; रशियनमध्ये नेमके तसेच घडून मुलगा स्मिर्नोव व मुलगी स्मिर्नोवा होते. म्हणजे स्त्रीलिंगी रूप हे वेगळे आडनाव नसून त्याच आडनावाचे व्याकरणिक रूप आहे. परदेशातील जन्मनोंदणी कार्यालयांना हा भेद बहुधा ठाऊक नसतो.

अशी रूपे आरंभी आडनावे नव्हती, ती केवळ पित्याची ओळख होती. इ.स. 1469 च्या सुमारास कोकणातील चौल बंदरात उतरून जुन्नर व बिदरपर्यंत गेलेला त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन याच्या नावातील ‘निकितिन’चा अर्थ ‘निकिताचा (मुलगा)’ एवढाच आहे. (‘-आ’ने संपणाऱ्या नावांना ‘-ओव’ऐवजी ‘-इन’ लागतो.) पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव प्रथम सरदार व जमीनदारांत, नंतर व्यापारी व पाद्री वर्गांत रुळले. शेतकऱ्यांमध्ये, विशेषतः भूदासांमध्ये, ते 1861 मध्ये भूदासप्रथा संपल्यानंतरच सर्वत्र पक्के झाले. धर्मशाळांमध्ये विद्यार्थ्यांना सद्गुणवाचक आडनावे देण्याचीही पद्धत होती. काही स्मिर्नोव घराण्यांचे मूळ या पद्धतीत शोधले जाते. त्यामुळे जगातील सर्व स्मिर्नोव एका पूर्वजाचे वंशज नाहीत. शेकडो गावांत स्वतंत्रपणे कोणी एक ‘शांत’ माणूस होऊन गेला, एवढेच त्यांच्यात समान आहे.

रशियातील प्रसार

रशियन आडनावांच्या भूगोलाचा अभ्यास करणारे व्लादिमिर निकोनोव यांनी देशाच्या युरोपीय भागाचे चार पट्टे दाखवून दिले. वायव्येला नोवगोरोद व प्स्कोवच्या बाजूस ‘इव्हानोव’, उत्तरेला ‘पोपोव’, दक्षिण व पूर्वेकडे ‘कुझ्नेत्सोव’ आणि उत्तर व्होल्गा खोऱ्यात ‘स्मिर्नोव’ ही आडनावे सर्वांत जास्त आढळतात. कोस्त्रोमा, यारोस्लाव्ल व इवानोवो हे प्रांत स्मिर्नोवांचे माहेर मानावे लागतात. सर्वांत प्रचलित रशियन आडनाव कोणते याचे उत्तर मोजणी कोठे झाली यावर अवलंबून असते. बोरिस उन्बेगाउन यांनी 1910 च्या सेंट पीटर्सबर्गच्या निर्देशिकेवरून केलेल्या यादीत इव्हानोव पहिले आहे. आनुवंशिकीतज्ज्ञ येलेना बालानोव्स्काया यांच्या गटाने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत पहिला क्रमांक स्मिर्नोवचा लागला.

परदेशातील लेखनरूपे

रशियन उच्चारात शब्दाच्या अखेरचा ‘व’ अघोष होऊन ‘फ’सारखा ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपशी होणारा व्यवहार मुख्यतः फ्रेंच भाषेत चाले व त्या लेखनपद्धतीत हा शेवट दोन ‘एफ’ लावून दाखवला जाई. रशियन साम्राज्याच्या अखेरच्या काळात बाहेर गेलेल्या आणि 1917 च्या क्रांतीनंतर पॅरिस, बेलग्रेड वा हार्बिन गाठलेल्या कुटुंबांनी हेच ‘-ऑफ’ रूप कायम ठेवले. हेलसिंकी येथे 1819 मध्ये स्थापन झालेल्या सिनेब्रिचॉफ या मद्यनिर्मिती कंपनीचे नाव याच पद्धतीचे आहे. जर्मनी व पोलंडमध्ये ‘व’साठी ‘डब्ल्यू’ वापरला जातो. सोव्हिएत काळाच्या उत्तरार्धात व त्यानंतर स्थलांतर केलेल्यांच्या नावात अखेरीस साधा ‘व्ही’ आढळतो. त्यामुळे लेखनावरून कुटुंब केव्हा व कोणत्या मार्गाने बाहेर पडले याचा अंदाज बांधता येतो. तो केवळ अंदाजच असतो, कारण प्रसिद्ध व्यापारचिन्हाच्या प्रभावामुळे ‘-ऑफ’ रूप नंतरही उचलले गेले आहे.

पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत प्रत्येक भाषेने या नावाला आपल्या व्याकरणात बसवले. लाटव्हियन भाषेत पुरुषाच्या नावाला कर्ता विभक्तीचा ‘-स’ लागून स्मिर्नोव्स होते, लिथुआनियनमध्ये स्मिर्नोवास. बेलारूसी लेखनात अखेरचा ‘व’ अर्धस्वर होऊन स्मिर्नोऊ असे रूप बनते. युक्रेनियन लिप्यंतरात पहिल्या अक्षरातील स्वरासाठी ‘आय’ऐवजी ‘वाय’ येतो. सोव्हिएत संघाबाहेरच्या चेक भाषेत स्त्रीच्या नावाला आणखी एक स्त्रीप्रत्यय जोडून ‘स्मिर्नोवोवा’ केले जाते. आधीच स्त्रीलिंगी असलेल्या संकल्पनेवर हा दुसरा शिक्का होय.

नाव व कायदा

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही. पासपोर्ट, मालमत्तेची कागदपत्रे व मुलांचे जन्मदाखले यांत एकाच व्यक्तीचे नाव वेगवेगळे उमटले, तर आपण तीच व्यक्ती असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. पती स्मिर्नोव व पत्नी स्मिर्नोवा हे एकाच कुटुंबातील असल्याचे ज्या देशांत आडनावाला लिंग नसते तेथे समजावून सांगावे लागते. तेथे जन्मलेल्या मुलीची नोंद काही वेळा पित्याच्या पुल्लिंगी रूपानेच होते, तर आईच्या नावाने नोंदवलेल्या मुलाच्या वाट्याला स्त्रीलिंगी आडनाव येते.

लाटव्हियात व्यक्तिनामे लाटव्हियन व्याकरणानुसारच लिहिण्याची कायदेशीर सक्ती आहे. तिच्याविरुद्ध आलेले मेंट्झेन व कुहारेत्स हे दोन अर्ज युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2004 मध्ये अग्राह्य ठरवले. राष्ट्रभाषेच्या संरक्षणासाठी राज्याला असा निर्बंध घालता येतो, असा त्यामागील विचार होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2010 मध्ये राइहमान विरुद्ध लाटव्हिया या प्रकरणात याच्या उलट मत दिले. नावाला परका प्रत्यय लावणे हा खाजगी जीवनातील मनमानी हस्तक्षेप आहे, असे समितीने म्हटले. यांपैकी कोणत्याही प्रकरणात अर्जदाराचे आडनाव स्मिर्नोव नव्हते, परंतु स्मिर्नोव्स या रूपाला लागू होणारा नियम तोच आहे. लाटव्हियन बोलणाऱ्यांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. त्यांच्या भाषेत नामाला विभक्तिप्रत्यय लागल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही, आणि सोव्हिएत राजवटीत रशियनच्या दबावाखाली त्यांची स्वतःची भाषा मागे पडली होती.

रशियाबाहेरील वितरण

सोव्हिएत संघ 1991 मध्ये विसर्जित झाला तेव्हा सुमारे अडीच कोटी वंशाने रशियन लोक नव्या सीमांच्या पलीकडे राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या वेळी कोणतेही स्थलांतर केले नव्हते. ते होते तेथेच होते, सीमा सरकल्या. परदेशातील स्मिर्नोवांचा मोठा भाग या समाजात मोडतो. एस्टोनियाच्या पहिल्या दहा आडनावांत स्मिर्नोव आहे व सर्वांत प्रचलित आडनाव इव्हानोव आहे. एस्टोनियाला लागून असलेला प्स्कोव प्रांत निकोनोव यांच्या इव्हानोव पट्ट्यातच येतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. या देशातील सर्वच रशियन कुटुंबे सोव्हिएत काळात आलेली नाहीत. पेपसी सरोवराच्या काठी ‘जुन्या श्रद्धेच्या’ रशियनांची गावे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तरीही नार्वा व ईशान्येकडील औद्योगिक शहरांतील बहुसंख्य रशियन कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने व खाणींसाठी आणली गेलेली आहेत. कझाकस्तानात शेतकऱ्यांचे स्थलांतर झारच्या काळात सुरू झाले व 1954 नंतरच्या पडीक जमीन लागवड मोहिमेने ते वाढवले.

दूरच्या देशांतील प्रसार लाटालाटांनी झाला: क्रांतीनंतरचे निर्वासित, महायुद्धानंतरचे विस्थापित, 1970 च्या दशकात मुख्यतः ज्यू कुटुंबे आणि 1990 नंतर जर्मनी, इस्रायल व अमेरिकेकडे गेलेले लोक.

स्मिर्नॉफ व्यापारचिन्ह

आडनावाचे सर्वाधिक परिचित रूप एका भूदासाच्या मुलाकडून आले. यारोस्लाव्ल प्रांतात, म्हणजे स्मिर्नोव पट्ट्याच्या गाभ्यातच, 1831 मध्ये जन्मलेल्या प्योत्र अर्सेनेविच स्मिर्नोव यांनी मॉस्कोत व्होडकाचा कारखाना उभारला आणि ते राजदरबाराचे पुरवठादार झाले. त्यांचे निधन 1898 मध्ये झाले. त्यानंतर सरकारी मद्य मक्तेदारी, 1914 ची दारूबंदी व क्रांतीनंतरचे राष्ट्रीयीकरण या तीन आघातांनी हा धंदा संपला. त्यांचे पुत्र व्लादिमिर यांनी परागंदा अवस्थेत इस्तंबूल, तेव्हा पोलंडमध्ये असलेले ल्वूव व पॅरिस येथे तो पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि फ्रेंच पद्धतीचे ‘स्मिर्नॉफ’ हे लेखन वापरले. अमेरिकेतील हक्क त्यांनी 1933 मध्ये रुडॉल्फ कुनेट यांना विकले; 1939 मध्ये ते ह्युब्लाइन कंपनीने 14,000 डॉलरला घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर व्होडका अमेरिकेत लोकप्रिय झाली, तेव्हा नावाचा हा सौदा किती स्वस्त होता हे उघड झाले.

सोव्हिएत संघाच्या अखेरीस मूळ घराण्यातील वंशजांनी रशियात ‘स्मिर्नोव’ नावाने उत्पादन सुरू केले व त्यावरून दीर्घकाळ खटले चालले. क्रांतीपूर्वीच धंद्यातून बाजूला झालेल्या व्लादिमिर यांना नाव विकण्याचा अधिकार होता का, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. लाखो लोकांचे असलेले आडनाव एका कंपनीच्या मालकीचे कसे होते, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. व्यापारचिन्हाचा कायदा माणसाला आपले नाव लावण्यापासून रोखत नाही, ते विशिष्ट मालावर छापण्यापासून रोखतो.

या प्रसिद्धीचा एक गमतीदार परिणाम असा की काहींनी हे आडनाव जन्माने नव्हे, सोयीने घेतले. ओडेसा येथे 1951 मध्ये जन्मलेले विनोदी कलाकार याकोव स्मिर्नॉफ यांचे मूळ आडनाव पोखिस होते. अमेरिकनांना ओळखीचे वाटावे म्हणून त्यांनी व्होडकाचे नाव स्वीकारले. ‘अ‍ॅलेक्सिस स्मिर्नॉफ’ या नावाने रशियन खलनायकाची भूमिका करणारे व्यावसायिक कुस्तीगीर प्रत्यक्षात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील होते.

परदेशाशी संबंधित उल्लेखनीय व्यक्ती

तेनॉर गायक दिमित्री स्मिर्नोव (1882–1944) यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायन केले. त्यांचे निधन रीगा येथे झाले. त्याच नावाचे संगीतकार दिमित्री स्मिर्नोव (1948–2020) 1991 मध्ये इंग्लंडला स्थायिक झाले. कझाकस्तानात 1964 मध्ये जन्मलेले स्कीपटू व्लादिमिर स्मिर्नोव सोव्हिएत संघ, 1992 चा संयुक्त संघ व कझाकस्तान अशा तीन ध्वजांखाली ऑलिंपिकमध्ये उतरले आणि 1994 मध्ये लिलहॅमर येथे त्यांनी कझाकस्तानला हिवाळी स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. इगोर स्मिर्नोव हे 1991 ते 2011 या काळात मोल्दोवापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियाचे अध्यक्ष होते. बोल्शोय नाट्यगृहाच्या प्रमुख नर्तिका ओल्गा स्मिर्नोवा यांनी युक्रेनवरील आक्रमणाला विरोध करून मार्च 2022 मध्ये रशिया सोडला व त्या डच नॅशनल बॅलेमध्ये दाखल झाल्या. नेदरलँड्समध्येही त्यांच्या नावातील स्त्रीलिंगी शेवट कायम आहे. स्वीडिश लेखिका कारिन स्मिर्नॉफ यांचे आडनाव मात्र ‘-ऑफ’ने संपते. जिनिव्हा विद्यापीठातील गणिती स्टानिस्लाव स्मिर्नोव यांना 2010 मध्ये फील्ड्स पदक मिळाले; ते हैदराबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत प्रदान करण्यात आले.