शीत आघाडीची कुळकथा

हवामानाच्या नकाशावर त्रिकोणी दातांची निळी रेघ असते. तिला शीत आघाडी म्हणतात. थंड हवा उबदार हवेला रेटत पुढे सरकते, तिथली ही सीमारेषा. तिचा शोध लागला पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, नॉर्वेतल्या बर्गन शहरात.

नॉर्वे युद्धात तटस्थ होता, तरी त्याला झळ बसलीच. ब्रिटनकडून तारेने येणारी हवामानाची माहिती थांबली. धान्याची आयात अडली आणि घरच्या पिकाचा दाणान् दाणा मोलाचा झाला. १९१७ साली लाइपझिग सोडून बर्गनला आलेले विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी पुढच्याच उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्याचे काम अंगावर घेतले. बाहेरची माहिती मिळेना, म्हणून त्यांनी देशातच, विशेषतः किनाऱ्यावर, निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले.

त्या नोंदी नकाशावर मांडताना त्यांचा मुलगा याकोब याला जाणवले की वादळातला पाऊस वाटेल तसा पसरत नाही, तो ठरावीक पट्ट्यांत पडतो. जड थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते. वर गेलेली हवा निवते, ढग होतात, सरी कोसळतात. पट्टा सरकला की वारा दिशा बदलतो आणि पारा उतरतो. याकोबने हे १९१९ साली प्रसिद्ध केले. युरोपातल्या रणांगणावरून या सीमेला ‘आघाडी’ हे नाव मिळाले. १९२२ साली याकोब आणि हाल्वर सोलबर्ग यांनी अशी वादळे एकामागून एक का येतात, तेही उलगडून दाखवले.

भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात भारतात येणारे पश्चिमी झंझावात याच गोतातले. भारतात पोहोचेपर्यंत जमिनीलगतची आघाडी पुसट होते, जोर उरतो तो वरच्या हवेतल्या कमी दाबाच्या पट्ट्यात. झंझावात येताना ढग दाटतात आणि रात्री उबदार होतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, पंजाबच्या गव्हाला पाऊस मिळतो. झंझावात पुढे सरकला की आभाळ निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि ती थंडी कधी कधी थेट निफाडपर्यंत उतरते. मग द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. याच झंझावातांना समुद्रावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली, तर महाराष्ट्रात गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने रब्बीची उभी पिके झोडपली.

बर्गनमधला शोध लागला तो गावोगावच्या नियमित नोंदींमुळे. म्हणून आपल्या तालुक्यातले पर्जन्यमापक आणि तापमापक नीट चालू राहावेत, त्यांच्या नोंदी शेतकऱ्याला सहज मिळाव्यात, असा आग्रह आपण सर्वांनी धरायला हवा. अंदाज कितीही प्रगत झाला, तरी त्याचा पाया या नोंदींवरच उभा आहे.