गडमुडशिंगीची वेळ

कोल्हापूरच्या आग्नेयेस, करवीर तालुक्यात गडमुडशिंगी हे गाव सुमारे ७४.२८ अंश पूर्व रेखांशावर वसले आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून मिर्झापूरची मध्यान्ह झाल्यावर गडमुडशिंगीची व्हायला सुमारे ३३ मिनिटे जातात. घड्याळात बाराचे ठोके पडले तरी गावाची खरी दुपार अजून व्हायची असते.

हे ३३ मिनिटांचे अंतर सरासरीचे आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे मध्यान्ह मागेपुढे सरकते: नोव्हेंबरच्या सुरुवातीस ती १२ वाजून १६-१७ मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४७ च्या सुमारास. याचा उत्तम पडताळा कोल्हापुरातच मिळतो. अंबाबाईच्या पश्चिमाभिमुख मंदिरात किरणोत्सव ९ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारीला सुरू होतो. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचावीत, अशी रचना आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस या दोन तारखांच्या जवळजवळ मधोमध येतो, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. घड्याळ मात्र नोव्हेंबरात सहाच्या सुमाराची वेळ दाखवते आणि जानेवारीअखेर साडेसहाच्या सुमाराची. किरण तेच, गाभारा तोच, फक्त घड्याळाची वेळ अर्ध्या तासाने वेगळी. मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याची जागा धरली, हे फार मोलाचे आहे.

शेतातल्या बोलीनेही सूर्याचीच जागा धरली. तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, दिवस कलला, कडुसं पडलं, या शब्दांत वेळ पुरेशी नेमकी कळते. कासरा म्हणजे बैलाची दोरी. तिच्या लांबीने आकाश मोजायचे. याहून बारीक हिशेब घटकेचा. अहोरात्रीच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, तिची ६० पळे. लग्नात पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडत. पाणी आत शिरून ती बुडाली की घटका भरली. ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार त्या वाटीतूनच आला.

घड्याळाची परकी वेळ या भागात रेल्वेने आणली. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला, तेव्हा देशातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. मद्रास इथल्यापेक्षा जवळजवळ सहा अंश पूर्वेला आहे. म्हणजे रेल्वेची वेळ गावाच्या सूर्यापुढे जवळजवळ एक घटका होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई महापालिकेने मात्र प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ त्यानंतरही अनेक वर्षे सोडला नाही.

उन्हाळी वेळेचा अनुभव भारतालाही आला. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, घड्याळे तासभर पुढे होती. याच काळात, १९४३ मध्ये, शेजारच्या वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. युद्धवेळेच्या घड्याळाने इथली मध्यान्ह सरासरी दीडच्याही पुढे पडत होती.

या अक्षांशावर घड्याळ दरवर्षी मागेपुढे करण्यात लाभ नाही. सर्वांत मोठ्या आणि लहान दिवसांत इथे दोन तासांच्या आतच फरक पडतो. लंडनमध्ये तो जवळजवळ नऊ तासांचा असतो. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना मात्र हा बदल पाळावा लागतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर नेहमीच्या वेळी लावलेला फोन तिकडे तासभर आधी वाजतो.

उजळाईवाडी विमानतळाच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीचीही जमीन गेली, आणि त्या कुंपणापलीकडे तिसरीच वेळ चालते. विमानोड्डाणाच्या नोंदी जगभर जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. पहाटे पाचला गोठ्यात धारा काढायला बसावे, तेव्हा त्या वेळेत आदल्या तारखेचे २३.३० वाजलेले असतात. पंचांगाच्या हिशेबानेही सूर्य उगवेपर्यंत वार आदलाच असतो.