कर्ज डोईजड झालं की जायचं कुणाकडे?

 

आज आपण कर्जाबद्दल बोलणार आहोत, पण कर्ज मिळवायचं कसं याबद्दल नाही. ते आता फार सोपं झालंय. गटाचं कर्ज आहे, फायनान्सचं आहे, मोबाइलवरचं आहे, आणि सातपूर-अंबडला कंपनीत लागलेल्या मुलाच्या खिशात क्रेडिट कार्ड आहे. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा. हप्ते कमाईच्या वर गेले की मदत मागायची कुणाकडे? त्या वेळी दारात माणसं बरीच येतात. कुणी म्हणतं, मी नवीन कर्ज काढून देतो, जुनं फेडून टाका. कुणी म्हणतं, फोन बंद करून ठेवा. कुणी म्हणतं, मला फी द्या, मी सगळं मिटवतो. आणि एखादी म्हणते, आधी कागद दाखव. यातली खरी मदत कोणती, हे ओळखायला आपण दीडशे वर्षं मागे जाऊ.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबई इलाख्यातल्या कापसाला भाव आला. भाव आला तसा सावकारांनी हात सैल सोडला. मागेल त्याला पैसे मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव उतरला. सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी केली आणि सारा खूप वाढवला. आपल्याला हे नवीन नाही. उमराण्याच्या बाजारात कांदा चढला की उधारी हसत मिळते, आणि कांदा पडला की त्याच उधारीसाठी माणूस ओट्यावर येऊन बसतो.

त्या काळी कर्जाच्या कागदाला खत म्हणत, कर्जखत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असं ठरवलं होतं की कर्जखत तीन वर्षंच चालेल. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की ते कुणब्याला बोलवत आणि नवं खत लिहून घेत. जुनं मुद्दल आणि त्यावरचं व्याज मिळून नवं मुद्दल होई.

हिशेब करून बघू. शंभर रुपये घेतले, शेकडा दोनने. तीन वर्षांचं व्याज ७२ रुपये. काहीच फेडलं नाही तर नवं खत १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी ते जवळजवळ २९६ रुपयांचं होतं. नऊ वर्षं झाली की पाचशेच्या वर. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होता, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसलं, तर दामदुप्पट लागणार कशी? पुढे सरकारने चौकशी केली तेव्हा शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावल्याचं उदाहरण निघालं. भरलेल्या पैशाची पावती नाही, खतात लिहिलंय काय ते वाचता येत नाही, अशा तक्रारी कुणब्यांनी अर्जांत लिहून दिल्या.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर कर्जदाराचं घर पाडलं. गाव खवळलं. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानात जायचं नाही, त्यांचं शेत कसायचं नाही. न्हावी, परीट, चांभार यांनीही त्यांचं काम सोडलं. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर धाव घेतली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. लोकांना मुख्यतः हवी होती ती खतं आणि वह्या. त्या मिळाल्या की त्यांनी रस्त्यातच जाळल्या. ज्या सावकाराने खतं आपणहून काढून दिली, त्याला सहसा हात लावला नाही. पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तीसच्या वर गावांत हे लोण गेलं. सरकारने फौज आणली आणि ९५१ लोकांना धरलं.

खत जाळल्याने कर्ज जळलं का? नाही. पण सरकारला उठून बघावं लागलं. आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आपला नाशिक जिल्हा सुरुवातीला त्यात नव्हता. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे होते. या कायद्यातली एक गोष्ट सगळ्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी कोर्ट फक्त खतावरचा शेवटचा आकडा बघत असे. आता कोर्टाला खताच्या मागे जाता येऊ लागलं. पहिल्यांदा हातात किती पैसे पडले, किती फेडले, व्याज किती लावलं, असा सुरुवातीपासूनचा हिशेब उघडायचा. शिवाय कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. पैसे भरले की पावती मागायचा हक्क मिळाला. गावातल्या गावात समेट करून देणारी माणसं नेमली गेली.

या कायद्याने सगळं भलं झालं असं नाही. सावकारांनी नवी वाट शोधली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले. मग हिशेब उघडणार कशाचा? शिवाय पेरणीला पैसा लागतोच, तो दुसरीकडून मिळण्याची सोय कायद्यात नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या कर्जाची कैफियत आहे. पैशाची दुसरी सोय व्हावी म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९३९ आणि १९४७ च्या मुंबई इलाख्यातल्या कर्ज निवारण कायद्यांनी पुन्हा तेच केलं, जुना हिशेब उघडला, कर्ज फेडता येईल इतकं केलं आणि हप्ते बांधून दिले. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. आपण त्याच वाटेवरून चालतोय.

म्हणजे या सगळ्या वर्षांत दोनच प्रकारची मदत दिसते. एक, जुना हिशेब उघडणारी. दुसरी, जुन्या खतावर नवं खत करणारी. पहिलीने माणसं सावरली, दुसरीने बुडवली.

आता आजचं खत बघा. क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरा 'कमीत कमी भरा' असा. समजा ४०,००० थकलेत आणि कमीत कमी २,००० भरायचेत. अनेक कार्डांचं व्याज महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास असतं. म्हणजे महिन्याला १,४०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. तुमच्या दोन हजारांतून मुद्दलात गेले फक्त ३४८. आपल्या भागात शेकडा साडेतीन म्हटलं तर बाई दचकते. कार्डावर तो आकडा बारीक अक्षरात असतो, म्हणून कुणी दचकत नाही. एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, फायनान्सचा हप्ता भरायला मोबाइलचं कर्ज, हे खतावर खतच आहे.

मग करायचं काय? पहिल्यांदा एक वही घ्या. घरातलं प्रत्येक कर्ज एका ओळीत लिहा. कुणाचं, हातात किती आले, आजवर किती भरले, व्याज शेकडा किती, तारण काय, जामीन कोण. घरातल्या पुरुषांचं आणि मुलांचंही लिहा. अर्धा हिशेब लपवला तर कुणी मदत करू शकत नाही.

मग कर्ज ज्याचं, त्याच्याकडे लेखी जा. बँकेला अर्ज द्या, पूर्ण खातेउतारा मागा, हप्ते बांधून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तडजोड झाली तर ती कागदावर घ्या, पैसे भरल्यावर 'येणे बाकी नाही' असं पत्र घ्या. कमी पैशात मिटवलं तर तशी नोंद सिबिलला राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे माहीत असू द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीचा नंबर १४४४८.

नोटीस आली असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, फोन १५१००. सावकाराचं कर्ज असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे जा. २०१४ च्या सावकारी कायद्यात शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के इतकीच मर्यादा ठरवली आहे. बेकायदा सावकाराने सावकारीपोटी जमीन खरेदीखताने लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतला व्यवहार जिल्हा उपनिबंधक तपासू शकतात आणि जमीन परत देऊ शकतात. शंभर वर्षांपूर्वीची ती खरेदीखताची पळवाट अशी कायद्यात आली.

भीतीचंही बोलू. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. पण दिलेला चेक वटला नाही तर गुन्हा होऊ शकतो, म्हणून कोरा चेक कुणाला देऊ नका. मुलाच्या कार्डासाठी आई जामीन राहिली नसेल, तर तिच्या नावची जमीन कुणी नेऊ शकत नाही. बँकेच्या वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, मायक्रोफायनान्सवाल्याने ९ च्या आधी आणि ६ नंतर नाही. आणि एका घरावर सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जात असतील, तर मायक्रोफायनान्सने आणखी कर्ज द्यायचं नाही, असा २०२२ पासूनचा नियम आहे.

राहिला गट. एखादी मैत्रीण गटात येऊन म्हणते, मला बाहेरचं फेडायला पैसे द्या. द्यावेत का? तिने वही उघडली, गटाचं व्याज बाहेरच्यापेक्षा कमी आहे, आणि त्या पैशाने बाहेरचं खातं कायमचं बंद होणार आहे, तर द्यावेत. कार्ड बंद झाल्याचं पत्र बैठकीत दाखवायला सांगावं. पण नुसता या महिन्याचा हप्ता ढकलायला मागत असेल तर देऊ नयेत. त्याने ती सुटत नाही, आणि बाकीच्या बायांची बचत अडकते. नाही म्हणताना तिला एकटं मात्र सोडू नका. दोघीजणी तिच्यासोबत बँकेत जा. करड्याचं गाव एका घरासाठी एकत्र उभं राहिलं होतं. आपल्याला बहिष्कार घालायचा नाही की काही जाळायचं नाही. तिच्या शेजारी बसून कागद वाचायचा आहे.

पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा आणि वही बरोबर आणा.