फड फुटल्यावर

पाडव्याच्या आधीचा शनिवार. मी आणि माझा एक टीममेट त्याच्या गाडीने नारायणगावला निघालो होतो. गाडी त्याची, त्यामुळे गाणीही त्याचीच. चाकण सोडलं तेव्हा जो सूर लागला होता तोच राजगुरुनगरला चालू. अक्षरशः तोच. शेवटी न राहवून विचारलं, "अरे, प्लेअर हँग झालाय का?"

"याला ड्रोन रॉक म्हणतात, अडाण्या," साहेब म्हणाले.

मग पुढचे पंधरा किलोमीटर माझी शिकवणी झाली. ड्रोन म्हणजे एकच सूर धरून ठेवायचा आणि बाकी सगळं त्याच्या आधाराने चालवायचं. आपल्याकडे तंबोरा करतो तेच, फक्त इलेक्ट्रिक गिटारवर आणि कान फुटेपर्यंत. चालू होता तो बँड स्पेसमेन थ्री. इंग्लंडातल्या रग्बी गावच्या दोन पोरांनी 1982 मध्ये काढलेला. पीटर केंबर (ऊर्फ सोनिक बूम) आणि जेसन पिअर्स. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, 19 नोव्हेंबर 1965. पण पुढे पटेना. 1991 मध्ये शेवटचा अल्बम आला तेव्हा बँड मोडलेला होता आणि अल्बमची एक बाजू याची, एक बाजू त्याची! घराची वाटणी करताना मधे भिंत घालतात तसं. मग पिअर्सने स्पिरिच्युअलाइज्ड नावाचा बँड काढून नाव कमावलं. सोनिक बूमने स्पेक्ट्रम काढलं, एक्स्पेरिमेंटल ऑडिओ रिसर्च काढलं, लहान मुलांच्या बोलक्या खेळण्यांची सर्किट्स बदलून त्यातून चित्रविचित्र आवाज काढले. बँड गेला, पण तो धरलेला सूर त्याने काही सोडला नाही.

मंचर मागे पडलं आणि माझी ट्यूब पेटली. अरे, हे तर तुणतुणं!

हसू नका. तुणतुणं म्हणजे काय? एक पोकळ नळकांडं, तळाला कातडं, बाजूला काठी आणि त्या दोघांमध्ये ताणलेली एकच तार. तमाशात गणापासून ते वाजतं. ढोलकी आणि हलगी काय दंगा करायचा तो करतात, तुणतुणं आपली जागा सोडत नाही. ते कमी पडलं तर झीलकरी असतात. मुख्य गाणाऱ्याने ओळ सोडली की ती उचलून, ताणून, सूर खाली पडू न देणारे. आम्ही नाक्यावर एखाद्याच्या हो ला हो करणाऱ्याला "झील ओढतो" म्हणतो, ते यांच्यावरूनच. मी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढली. नारायणगाव तिथून फार लांब नाही, पण एकदाही तमाशा बघितला नव्हता. आणि इंग्लंडातल्या बँडचं भांडण मात्र मन लावून ऐकत होतो.

तर आता आपल्याकडच्या फुटलेल्या फडांबद्दल.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि लांबलांबच्या गावांचे पंच येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. आपल्या भाषेत, वर्षाची सगळी क्लायंट मीटिंग एकाच ठिकाणी :)

या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने. भाऊ आणि बापू हे खुडे घराण्यातले भाऊ. फड त्यांच्या वडिलांनी, नारायण खुड्यांनी उभा केलेला. बोर्डावरचं नाव पुन्हा एकदा वाचा. आडनाव खुडे, पण बोर्डावर जात. ज्या काळी ती लपवण्यात फायदा होता त्या काळी ती मोठ्या अक्षरात रंगवलेली आणि तिच्याच खाली तिकिटाला रांग. त्या रांगेतले किती जण या कलावंतांना आपल्या ओसरीवर पाणी देत होते, हा प्रश्न मात्र बोर्डावर नव्हता.

भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म 1935, पंढरपूरचा. लहानपणापासून फडातच वाढली, तिथेच गाणं आणि नाच शिकली. पुढे तिचा स्वतःचा फड झाला, त्याचं नाव 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. जुनं आणि नवं नाव शेजारी ठेवून बघा. बापू गेले, विठाबाई आली. भाऊ, जात आणि गाव तसंच राहिलं. आपण जुन्या कोडवरून नवीन शाखा काढतो तेव्हा जे जपतो आणि जे बदलतो, तसंच हे. फक्त इथे बदल करणारी बाई होती आणि पहिलं नाव तिचं स्वतःचं होतं.

1957 आणि 1990 मध्ये तिचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. पण लोकांना आठवते ती वेगळीच गोष्ट. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आली. ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगतात. मीही कौतुकानेच ऐकली होती. आता विचार करतो, ती परत का आली असेल? समोर तिकीट काढलेले लोक, आणि पडद्यामागे तिच्या नावावर पोट भरणारा सगळा फड. तिने सुट्टी घेतली तर कुणाचीच चूल पेटत नाही. आमच्याकडे एकाच माणसावर सगळी सिस्टीम अवलंबून असली की मॅनेजर त्याला रिस्क म्हणतो. तमाशात त्याला 'फडाची मालकीण' म्हणतात.

फड फुटण्याचं गणितही इथेच आहे. कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतात. मालक ती रक्कम स्वतः व्याजाने आणतो. पाऊस पडला, जत्रा बुडाली, तर कर्ज पुढच्या वर्षावर जातं. ज्याचं नाव बोर्डावर चालतं त्याला एक दिवस वाटतंच की नाव माझं तर फड दुसऱ्याचा का? तो बाहेर पडतो, म्हणजे आता कर्जही त्याचंच.

विठाबाईच्या घरातही तेच झालं. मुलगी मंगला बनसोडे हिने स्वतःचा फड काढला, पण बोर्डावर लिहिलं 'करवडीकर'. दुसरी मुलगी मालती इनामदार हिने 'नारायणगावकर' ठेवलं. एका घराच्या अशा अनेक शाखा एकाच हंगामात, एकाच राहुट्यांच्या रांगेत, एकमेकींच्या सुपाऱ्यांवर नजर ठेवून. आणि सगळ्यांची सुरुवात त्याच गणाने, मग गवळण, बतावणी, वग.

विठाबाई 15 जानेवारी 2002 ला गेली. शेवटची वर्षं हलाखीत गेली. सरकारने 2006 पासून तिच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव द्यायला सुरुवात केली. तो पुढे मंगलाताईंनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला. चांगलं आहे, पण ते पैसे आईच्या औषधाला उपयोगी पडले असते, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

असो. आम्ही नारायणगावात पोचलो. एका राहुटीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मागे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, स्पीकरचे खोके.

"मामा, तुणतुणं दिसत नाही?"

"हाय की. गणाला लागतंय. येकदा गण झाला की ठिवून देतो."

त्यांनी ते ट्रंकेतून काढलं, तार जरा पिळली आणि छेडली. माझा मित्र, जो राजगुरुनगरपर्यंत मला अडाणी म्हणत होता, तो गप्प बसून ऐकत राहिला. मग मोबाइल काढून म्हणाला, "रेकॉर्ड करू का?"

"कर की. पण मोबाइलात काय कळंल? जत्रंला ये."

परत येताना घरी थांबलो. माझे आजोबा तमाशाला जायचे ते "बाजारला चाललो" असं सांगून, आणि आजीला ते माहीत असायचं. आईला म्हटलं, यंदा जत्रेत तमाशाला जाणार आहे. मला वाटलं ओरडेल. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाली,

"बायकांना बसायला जागा असते का रे तिथं?"

मला माहीत नव्हतं. मामांना फोन करून विचारलं. असते म्हणाले.